थ्रॅशचे जुने अल्बम नव्याने घ्यावेत का? बंगळुरूला जाऊन तपासलं

हे लिहायला मला माझ्याच एका पोस्टने भाग पाडलं आहे. दोन महिन्यांपूर्वी याच ब्लॉगवर मी लिहिलं होतं, की एका अमेरिकी थ्रॅश बँडचा पहिला अल्बम रेकॉर्डवर नव्याने छापून आला आहे तो घेऊ नका. त्याचा वेग कमी केला आहे, स्वर खाली ओढला आहे, ही सरळ फसवणूक आहे. ते चूक होतं.

ज्यांना थ्रॅश ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ऐंशीच्या दशकात निघालेलं अतिवेगवान, कर्कश, रागीट गिटारसंगीत. वेग हा त्याचा प्राण. त्यामुळे 'हळू केलं' हा आरोप लहान नव्हता. पोस्टमध्ये मी दुकानाचं नाव दिलं नव्हतं, पण 'बसवनगुडीतल्या माझ्या जुन्या दुकानातून मागवला' असं लिहिलं होतं. ओळखणाऱ्यांना तेवढं पुरतं.

दुकान माधवअण्णांचं. मी बंगळुरूला इंजिनिअरिंग शिकत होते तेव्हा ते परदेशी रेकॉर्डवरून कॅसेट भरून द्यायचे. हॉस्टेलच्या आम्ही चौघी दर शनिवारी त्यांच्या काउंटरला टेकलेल्या असायचो. पंधरा दिवसांपूर्वी त्यांचा फोन आला.

"अक्का, तुमचं वाचून तिघं रेकॉर्ड परत घेऊन आले. एकानं दुकानात उभं राहून मला बोगस म्हटलं. चाळीस वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. तुम्ही या, इथे बसून ऐका. मग परत तेच लिहा, मी काही बोलणार नाही."

मी म्हटलं, येते. सोबत पुरावा आणते.

पुरावा म्हणजे त्यांनीच भरून दिलेली नव्वद मिनिटांची कॅसेट आणि ती वाजवायचा माझा जुना डेक. कॅसेटवर अल्बम वेगवान होता, नव्या रेकॉर्डवर अर्ध्या स्वराने खाली. मध्यंतरी सीडी आली होती तीही खाली, इंटरनेटवरही खाली. त्यावरून मी निष्कर्ष काढला होता, की सगळे एकाच बिघडलेल्या मूळ टेपवरून छापतात. सगळे चूक आणि माझी कॅसेट बरोबर. पस्तीस वर्षं नोकरीत आकडे तपासत आलेल्या बाईने हा निष्कर्ष काढला, याची नोंद असू द्या.

पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघाले. डेक घेऊन जाणार असाल तर वरचा बर्थ घेऊ नका. आठ किलोचं धूड छातीशी घेऊन चढता येत नाही. गाडी सुटल्यावर समोरच्या काकांनी विचारलं, "बॉम्ब वगैरे नाही ना ताई?" मी म्हटलं, "असता तर एवढा जड नसता." त्यांनी आपली बॅग उचलून पलीकडच्या बर्थखाली सरकवली.

पहिला दिवस बेळ्ळंदूरला गेला. तिथे माझी भाची मुक्ता राहते, आयटीत आहे. स्टेशनवरून तिच्या घरी टॅक्सीने पोचायला जवळपास दोन तास लागले. तुम्हाला बंगळुरूत जुन्या रेकॉर्डच्या शोधात फिरायचं असेल तर बेळ्ळंदूरला मुक्काम करू नका, नातेवाईक कितीही आग्रह करोत. मी सोबत आणलेला नवा रेकॉर्ड मुक्ताने हातात घेऊन कव्हरची मागची बाजू वाचली.

"मावशी, इथे टोटल ड्युरेशन सत्तेचाळीस मिनिट्स आहे. तुझ्या कॅसेटचं मोजलंस का?"

"मला कान आहेत."

"ओके. पण स्टॉपवॉच पण आहे ना फोनमध्ये."

मी तिला चहा टाकायला सांगितलं. तेव्हाच मोजलं असतं तर पुढचे दोन दिवस वाचले असते.

दुसऱ्या दिवशी पीण्याला गेले. डेकचाच वेग चुकतो असं कोणी म्हणू नये म्हणून तो आधी तपासून घ्यायचा होता. जयनगरपर्यंत टॅक्सी, तिथून हिरव्या मेट्रोने थेट पीण्या. सकाळी नऊच्या आत निघालात तर बसायला जागा मिळते. पुढे रिक्षा. रिक्षावाल्याने डेककडे बघून "स्वल्प जास्ती कोडी, मेडम" म्हटलं. डेक माझ्याच मांडीवर होता, तरी दिले थोडे जास्त.

औद्योगिक वसाहतीच्या आतल्या गल्लीत, दोन लेथच्या कारखान्यांमधल्या खोलीत एक गृहस्थ जुने डेक दुरुस्त करतात. लेथच्या आवाजात त्यांना कसं ऐकू येतं हा मलाही प्रश्न पडला होता. ते ऐकत नाहीत, मोजतात. त्यांनी चाचणीची टेप लावली, मीटरकडे बघितलं, पट्टा बदलला, परत बघितलं.

"मशीन एकदम सरी है, मेडम." सरी म्हणजे कानडीत बरोबर.

"मग कॅसेट बरोबर वाजतेय असं लिहून देता?"

"मशीन का लिख के देता हूँ. कॅसेट मैंने भरा क्या?"

मला त्या उत्तरात उद्धटपणा दिसला. ते फक्त अचूक बोलले होते. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गाडीवर चित्रान्न मिळतं, लिंबाचा भात. गरम असतं आणि पोट भरतं. मी ते विजयी मुद्रेने खाल्लं.

तिसऱ्या दिवशी बसवनगुडी. मेट्रो स्टेशनवरून दुकानापर्यंत चालत गेले. रस्ते ओळखीचे राहिलेत, घरं नाहीत. माधवअण्णांचं घराणं शहाजीराजांच्या काळापासून इथलं. त्यांच्या मराठीत कानडी असं मिसळलंय, की आपल्यालाच वाटतं आपली मराठी अर्धी आहे.

"या अक्का, बसा. कापी सांगू का आधी भांडू?"

"आधी ऐकू."

त्यांनी शेल्फच्या वरच्या खणातून एक रेकॉर्ड काढला. अल्बमची पहिली छापील आवृत्ती, कडा फाटलेल्या. "तुमची कॅसेट याच्यावरूनच भरलेली," ते म्हणाले. मी म्हटलं, कशावरून? त्यांनी तिसरं गाणं लावलं. गिटार थांबते तिथे दोनदा टक्-टक् वाजलं, ओरखड्याचं. मी डेकवर कॅसेट लावली. त्याच जागी तेच टक्-टक्. मग अण्णांनी नवा रेकॉर्ड लावला. तिथे वाद मिटला, कारण जुना रेकॉर्ड आणि नवा रेकॉर्ड एकाच वेगाने, एकाच स्वरात वाजत होते. वेगळी होती ती फक्त माझी कॅसेट.

मी काही बोलण्याआधी त्यांनी टर्नटेबलच्या कडेची वेगाची छोटी कळ थोडी फिरवली. जुना रेकॉर्ड चढला, घाईत आला, चिडला. तो माझा अल्बम झाला. हॉस्टेलच्या गच्चीवर ऐकलेला, परीक्षेच्या सकाळी ऐकलेला, लग्नानंतर सासरी कपाटात लपवलेला. अण्णांचं बोट त्या कळीवर होतं.

"का केलंत?"

"कॅसेटची बाजू पंचेचाळीस मिनिटांची. अल्बम सत्तेचाळीस. शेवटचं गाणं मधेच तुटलं की तुम्ही हॉस्टेलच्या मुलीच पहिल्या भांडायला यायच्या. मग मी स्वल्प फिरवायचो. गाणं पुरं बसायचं, तुम्ही खूष."

"सगळ्यांना असंच?"

"ज्यांनी हा मागितला त्या सगळ्यांना."

"सांगायला हवं होतंत."

"तुम्ही विचारायला हवं होतंत, अक्का. तेव्हा नाही तर आता तरी. माझा नंबर तर होता तुमच्याकडे. रेकॉर्ड मागवायला फोन केलात, शिव्या घालायला नाही केलात."

मी नवा रेकॉर्ड परत पहिल्यापासून लावायला सांगितला.

आता विकत घेण्याबद्दल, कारण बरेच वाचक त्यासाठी इथे येतात. मी अण्णांच्या दुकानात बसून नवा रेकॉर्ड दोनदा सबंध ऐकला. वेग बरोबर आहे. जुन्या छपाईत बास गिटार जवळजवळ गायब होती, ती आता ऐकू येते. पण आवाज सगळीकडे सारखाच फुगवलाय. बारीक आणि मोठ्या आवाजातला फरक दाबून टाकलाय आणि ड्रम पत्र्यासारखे चपटे झालेत. जोडीला दिलेला दुसरा रेकॉर्ड सरावाच्या रेकॉर्डिंगचा आहे, एकदा ऐकून ठेवून द्याल. तुमच्याकडे हा अल्बम कधीच नसेल तर घ्या. जुनी छपाई सुस्थितीत असेल तर पैसे वाया घालवू नका. आणि तुम्ही तो फक्त कॅसेटवर ऐकला असेल, विशेषतः बंगळुरूत भरलेल्या, तर हळू वाटतो म्हणून परत करायला जाऊ नका. इतर अल्बमांबद्दल मी सध्या मत देणार नाही. कोणत्या कॅसेटवर माझा किती विश्वास होता ते मला आता माहीत नाही.

मी अण्णांना म्हटलं, ती पोस्ट काढून टाकते.

"काढू नका. काढलीत तर लोक म्हणणार, अण्णाने बाईला गप्प केलं. नवीन लिहा, आणि त्याच्या खाली जोडा."

मी माफीचा कागद लिहून सही करून काउंटरवर ठेवला, काचेवर लावायला. त्यांनी तो वाचला, बाजूला ठेवला.

"कागदाने कोणाचा कान सुधारत नाही, अक्का. मला तुमची कॅसेट द्या."

"कशाला?"

"माझ्या हातची एकही माझ्याकडे उरली नाही. परवा चौथा येईल, म्हणेल हळू आहे. दोन्ही लावून दाखवतो, कळ फिरवून दाखवतो. विषय संपला."

मी नाही म्हटलं. बरंच मोठ्याने म्हटलं. दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने वळून बघितलं. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी कापी मागवली, फिल्टर कॉफी, आणि पहिला पेला माझ्यापुढे सरकवला. बोगस हा शब्द त्यांना माझ्यामुळे ऐकावा लागला होता, आणि तो खोडून काढायचं साधन माझ्या डेकमध्ये होतं. माझ्या चुकीचा नमुना म्हणून माझी कॅसेट काउंटरवर वाजणार, येणारा-जाणारा हसणार. मी इजेक्टचं बटण दाबलं.

पुण्याला परतून चार दिवस झाले. डेक रिकामा आहे. काल संध्याकाळी नवा रेकॉर्ड लावला. बरोबर वेगात, बरोबर स्वरात, बनवणाऱ्यांनी वाजवला तसा. तिसऱ्या गाण्यापर्यंत ऐकला आणि सुई उचलली. मला हा अल्बम आवडतो असं मी पस्तीस वर्षं सांगत आले. आता तो ऐकू शकत नाही, आणि जो ऐकायचे तो कुठल्याही दुकानात मिळणार नाही. पुनर्मुद्रित अल्बम विकत घेण्याच्या तोट्यांत हाही धरा.

माधवअण्णांच्या हाती दिलं ते असं: कॅसेट एक, नव्वद मिनिटांची, अ बाजूला हा अल्बम, सबंध, शेवटचं गाणं न तुटलेलं, ब बाजूला दुसऱ्या एका बँडचा अल्बम, वेग तपासलेला नाही. कव्हरवर गाण्यांची नावं त्यांच्याच अक्षरात, निळ्या शाईत. सही केलेला कागद एक. दोन्ही परत मागायचे नाहीत, असं तोंडी सांगितलं.