तेलकट बोट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी न विचारलेलंही सगळं सांगते.

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका कॉलेजात आम्ही एक यंत्र बनवत होतो. जेवणाच्या डब्याएवढं. आत वायू, आणि केसाहून बारीक तारा चौकटीवर ओळीनं ताणलेल्या. अणूच्या गाभ्यातून उडालेला कण आतून गेला, की जवळची तार इशारा देणार आणि त्यावरून त्याची वाट कळणार. तारा ओढायचं काम माझ्याकडे. सर म्हणायचे, हिचा हात हलका. त्यांची टोकं सोल्डरनं जोडायचा सिद्धाराम — वळसंगचा, माझ्याबरोबरच एमएस्सी झालेला. चाचणी जमली तर मुंबईच्या प्रयोगात आम्हा दोघांनाही जागा मिळणार होती.

तारेला उघडा हात लावायचा नाही, बोटाचं तेल लागलं की वीज सोडल्यावर तिथंच ठिणगी उडते, हा पहिला नियम. तो इतरांना ऐकवताना माझा तोरा काय वर्णावा?

चाचणीच्या दुपारी सिद्धारामच्या आईनं पाठवलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. नळाला पाणी नव्हतं — पण हे कशाला सांगतेय? घागर भरलेली होती की. मी आळस केला, हात रुमालाला पुसले. मग एक तार सैल वाटली आणि — बोट लावलं. तेलाचा ठिपका चमकला. मी तो पाहिला. सांगितलं असतं तर चौकटीतल्या सगळ्या तारा पुन्हा ओढाव्या लागल्या असत्या. आणि माझ्या हलक्या हाताचं काय झालं असतं? मी झाकण लावलं.

सगळ्यांसमोर उच्च दाबाची वीज सोडली. ठिणगी उडाली, तार तुटून शेजारच्या तारांवर पडली, सगळं जळालं. सर वळले ते सिद्धारामकडे. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

"माझाच जोड कच्चा असंल की, सर," तो म्हणाला.

मला सुटल्यासारखं वाटलं. हो, सुटल्यासारखंच. पुढे नवा डबा झाला, तो घेऊन मुंबईला मी एकटी गेले. सिद्धाराम गावाकडच्या शाळेत मास्तर झाला.

अजूनही येतो तो, पिशवीत शेंगाचटणी घेऊन. परवा माझ्या नातवाला सांगत होता, "तुझ्या आजीच्या हाताला तोड न्हाय बघ. तो डबा माझ्यामुळं जळला."

मी समोरच बसले होते. मी त्याला विचारलं, चहा टाकू का?