भाकरीवरचं चीज

आमच्या शेजारच्या काकी पाचगणीच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करायच्या. रविवारी वाईला येताना तिथल्या दुकानातून चेडर चीजचा तुकडा विकत आणायच्या. आधी हुंगायच्या, मग डोळे मिटून कणभर जिभेवर ठेवायच्या. मी चावायला लागले की म्हणायच्या, "चावू नगं गं, इरघळू दे."

टायफॉइडनंतर आईला अन्नाचा वासही सोसत नव्हता. ती नुसत्या चहावर होती. काकींनी आमच्या चुलीवर ज्वारीची भाकरी टाकली, वर चीज किसलं, हिरवी मिरची पेरली आणि घास आईच्या ओठांशी नेला.

"आवं वैनी, वाईच खारट हाय. बघा तरी."

आईनं तो खाल्ला आणि दुसऱ्यासाठी आपणहून तोंड उघडलं. चुलीवरच्या रिकाम्या तव्यातून धूर निघत होता. मी सांगितलंही, पण काकी जागच्या हलल्या नाहीत.