इडापिडामधले ढेकूणभाऊ

ढेकूणभाऊ तालमीला यायचे ते घरूनच ढेकूण होऊन. तपकिरी रजईचा शिवलेला अंगरखा, पोटाशी लोंबणारे चार जादा पाय, तोंडाला लालभडक रंग आणि त्यावर हेल्मेट. मे महिन्यात नागपुरात रजई! लकडगंजच्या सिग्नलला रिक्षावाले हसून हसून बेजार व्हायचे. भाऊ मात्र आपले पाय सावरत स्कूटरवर शांत बसून राहायचे.

आमचा बँड हार्ड रॉकचा, नाव ‘इडापिडा’. मारबतीच्या मिरवणुकीत लोक जे जे त्रास गावाबाहेर घालवतात, ते आम्ही सोंगं घेऊन स्टेजवर परत आणायचो. गिटारवर खोकला, बेसवर डास, आणि ड्रमवर मी, म्हणजे लोडशेडिंग. काळा झगा घालायचा आणि गाणं ऐन रंगात आलं की वाजवणं बंद करायचं, एवढंच माझं विनोदी काम. गायला ढेकूणभाऊ. आवाज असा की जरीपटक्यातल्या आमच्या गोदामाचे पत्रे थरथरायचे, आणि गाणं काय, तर ढेकणाने गादीला लिहिलेलं प्रेमपत्र. डोकं हलवावं की पोट धरून हसावं, हे लोकांना कळायचं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते आजवर कळलेलं नाही.

मला चिडवायची त्यांना भारी हौस. "तू बंद पडतं तवाच तं लोकाइले माह्यं गाणं आयकू येते वं," म्हणायचे. पण माझी ड्रमची काठी तुटली की पुढच्या तालमीला नवी जोडी ठेवलेली असायची. कोणी ठेवली विचारलं तर वर आढ्याकडे बघायचे.

तालमीनंतर आम्ही तिघं तोंड धुऊन चहाला जायचो. भाऊ तसेच रंगलेल्या तोंडाने निघून जायचे. कुठे राहतात, काय करतात, काही पत्ता नाही. एकदा मी लाडीगोडी लावून नाव विचारलं.

"नावाचं का लोणचं घालतं?" ते म्हणाले. "नाव सांगितलं का आडनाव येते. आडनाव आलं का बाकीचं सारं येते, अन् मंग कोनी गाणं आयकत नाई. ढेकूण बरा. सगळ्याइले सारखाच चावते."

पटलं मला, आणि रागही आला. आम्हीसुद्धा त्या सगळ्यांतलेच का?

मागच्या हिवाळ्यात माझ्या बाबांचं ऑपरेशन ठरलं. रक्त हवं होतं आणि त्यांचा गट सहज मिळणारा नव्हता. मी बँडच्या ग्रुपवर लिहिलं. भाऊंचं लगेच उत्तर, "माह्या बी तोच. येऊन राहिलो." मी ऑपरेशन थिएटरबाहेर बसून रजईची वाट बघत राहिले. कोणी येईना. बाकावर शेजारी कोणीतरी माणूस कोपर दुमडून बसला होता, त्याला मी जरा सरकायला सांगितलं. तो सरकला. शेवटी माझं डोकं फिरलं आणि मी भाऊंना फोन लावला. तो वाजला शेजारच्या खिशात.

"देऊन आलो ना वं रक्त," तो माणूस ढेकूणभाऊंच्या आवाजात म्हणाला. "आतमंदी गेलं बी. घाबरू नको."

मी काही बोलणार तेवढ्यात दार उघडलं, डॉक्टर बाहेर आले, मी तिकडे धावले. बाबा सुखरूप होते. परत आले तर बाक रिकामा.

पुढच्या तालमीला भाऊ आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, "आता तू मले पायलं. मी स्टेजवर गादीसाठी वरडीन अन् तुले तो दवाखान्यातला मानूस दिसन. मंग हासशीन कशी?" मी विनवलं, भांडले, रडले. "काहून रडून राहिली? बाबाले जप," म्हणाले आणि फोन ठेवला. पुढे तो नंबर लागेनासा झाला. त्यांच्याशिवाय बँड चालेना, मग आम्ही तो बंदच केला.

बाबा आता ठणठणीत आहेत, भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुरतात. मी मात्र गांधीबागेत कापड घ्यायला गेले की दिसेल त्या पुरुषाच्या तोंडाकडे बघत राहते. हे का ते? चष्मा होता का? मिशी? काही म्हणता काही आठवत नाही, आणि फोन बंद झाल्यावर कुठे माझ्या हे ध्यानात आलं.

भाऊ, त्या दिवशी माझे डोळे त्या दाराला लागले होते हो. मी तुमच्याकडे पाहिलंच नाही.