काढ्याच्या रीतीचा चहा

पावसाळ्यात मी चहात आलं घालते, उन्हाळ्यात गवती चहाची पात आणि थंडीत सुंठ. आज सुंठ कुटली आणि ठाण्याच्या घरातली एक सकाळ आठवली.

मी बारा वर्षांची होते, सासरी नवी. नणंदेचे सासरे कल्याणहून आले, ते चहाची पुडी घेऊनच. आमच्याकडे तोवर चहा शिरला नव्हता. सासूबाई त्याला विलायती पाला म्हणत. मामंजींनी चहा करायला सांगितलं. मला पाला उकळायची एकच रीत ठाऊक होती, वैद्यबुवांच्या काढ्याची. सुंठ घालून मी तांब्याभर पाणी आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवलं. तळाशी वाटीभर काळं पाणी राहिलं. व्याही रुसले तर नणंदेला तिकडे बोलणी बसणार, एवढं मला कळत होतं. मी रडू लागले.

"रडून पातळ होणार आहे का तो?" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी चाखला, तोंड वाकडं केलं, मग कढत पाणी, दूध, साखर घालत पुन्हा पुन्हा चाखला. "नावं ठेवली तर मी केला. बरा म्हणाले तर तू."

व्याह्यांनी आणखी एक पेला मागितला. "केला कुणी?"

"आमच्या सूनबाईनं," सासूबाईंनी दाराआडून सांगितलं.

मग त्या विहिरीवर गेल्या. चहा चाखून सोवळं मोडलं होतं, म्हणून नैवेद्याच्या स्वयंपाकाआधी त्यांनी त्या थंडीत गार पाण्यानं पुन्हा आंघोळ केली. तेव्हा मला त्यात विशेष काही दिसलं नाही. आता सुंठ कुटताना पहिली आठवते ती त्यांची ती दुसरी आंघोळ.