फ्रिजच्या खोक्याची प्रदक्षिणा

भावनाताई गजभिये अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. ती मूळची नागपूरची. आमच्या ग्रुपमध्ये आठ-दहा घरं आहेत, बहुतेक विदर्भातली. चौदा एप्रिल आणि बुद्धपौर्णिमा आम्ही एकत्र साजरी करतो आणि उन्हाळ्याची ट्रिपही एकत्रच काढतो. कुठे जायचं ते मतदानानं ठरतं. ताई दरवर्षी मत द्यायची, हॉटेलं शोधून द्यायची, पण देशाबाहेरची ट्रिप असली की स्वतः मागे राहायची. तिच्या पासपोर्टावरचा व्हिसा संपला होता. बाहेर पडलं की परत यायला नवा शिक्का लागणार, आणि तो मिळेपर्यंत नोकरी टिकेल याची खात्री नव्हती.

या फेब्रुवारीत तिचं ग्रीन कार्ड आलं. पेढे वाटतानाच तिनं सांगून टाकलं, "यंदा मी येणार. आणि आपण ब्रिटनीला जाणार."

ब्रिटनी म्हणजे फ्रान्सचं पश्चिमेचं टोक, अटलांटिकमध्ये घुसलेलं. ताईच्या टीममध्ये तिथली एक मुलगी आहे, नोलवेन. तिचे पणजोबा शाळेत फ्रेंच सोडून आपल्या ब्रेतोन भाषेत बोलले, की मास्तर त्यांच्या गळ्यात लाकडी बूट अडकवायचे. लंचच्या वेळी हे ऐकलं आणि ताईचा घास हातातच राहिला. ताईच्या आजोबांना शाळेत वर्गाबाहेर बसवायचे. त्या दिवसापासून दोघींच्या गप्पा थांबल्याच नाहीत. कार्नाकचे रांगेनं उभे केलेले हजारो दगड, चर्चच्या अंगणातली ग्रॅनाइटची शिल्पं, सगळं ताईनं नोलवेनकडून ऐकलं होतं. आता तिला ते पाहायचं होतं, आणि तेही आपल्या माणसांबरोबर.

अडचण एकच होती, रवींद्रकाका वासनिक. ग्रुपमधले सगळ्यात जुने, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन. त्यांनी स्वित्झर्लंड ठरवून टाकलं होतं.

"भावना, दगडच पाहायचे तर अजिंठा काय वाईट आहे? तिथे पोहे तरी मिळतात."

"काका, स्वित्झर्लंडमध्येही डोंगर म्हणजे दगडच."

"त्यावर बर्फ असतो ना यार! आणि तुझ्या ब्रिटनीत तो समुद्रातला किल्ला-चर्च आहे, तेवढाच एक फोटोचा स्पॉट."

"मों-सँ-मिशेल? तो शेजारच्या नॉर्मंडीत येतो. नोलवेनसमोर बोलू नका, ती जेवण सोडून उठेल."

मतदान रविवारी दुपारी होतं, आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये. सगळ्यांना वाटलं ताई स्लाइड्स दाखवेल. तिनं आणलं फ्रिजचं रिकामं खोकं. नोलवेनच्या गावातल्या चर्चसमोर चारशे वर्षांपूर्वीचा एक मोठा दगडी चौथरा आहे, त्यावर क्रूस आणि चारही बाजूंना येशूच्या आयुष्यातल्या प्रसंगांची शिल्पं. वाचता न येणाऱ्यांसाठी कोरलेली कथा. नोलवेनच्या भावानं काढलेले फोटो ताईनं मोठे प्रिंट करून खोक्याच्या चार बाजूंना चिकटवले होते.

"खुर्च्या नकोत," ती म्हणाली. "आधी फिरायचं, मग विचारायचं."

ही तिच्या वडिलांची पद्धत. अजिंठ्याच्या चैत्यात ते पोरांना आधी स्तूपाभोवती फिरवायचे, प्रश्न नंतर. आम्हीही सवयीनं खोकं उजवीकडे ठेवून फिरू लागलो. शिल्पातली माणसं शेतकऱ्यांच्या कपड्यांत होती. एक ढोल वाजवत होता, एक चक्क जांभई देत होता.

अचानक काकांची नात अनिका थांबली. "वेट, धिस इज राँग. बेबी, देन डिनर, देन बेबी अगेन?"

अनिका मैत्रिणीच्या चर्चमध्ये ख्रिसमसच्या नाटकात काम करते, त्यामुळे गोष्ट तिला पाठ आहे. बाळाचा जन्म, त्याच्या पुढच्या बाजूला एकदम मोठ्या येशूचं शेवटचं भोजन, आणि त्यानंतर बाळाला घेऊन गाढवावरून पळणारे आईबाप.

काका खूश झाले. "टेस्टरबाईंनी बग सोडला! उलटं चिकटवलंस बे!"

सगळे हसले. ताईचा चेहरा क्षणभर उतरला. मग तिनं फोन काढून पूर्ण चौथऱ्याचा फोटो मोठा केला. कोपऱ्याच्या एका बाजूला भोजन होतं, दुसऱ्या बाजूला गाढव.

"मी बरोबर चिकटवलंय," ती म्हणाली. "तिथे असंच आहे."

"मग कारागिराचा बग."

"चारशे वर्षं कुणी फिक्स नाही केला?" काकांच्या पत्नी उल्काकाकू म्हणाल्या. "मला वाटतं, युद्धात पाडलं असेल आणि परत रचताना चुकले."

मी म्हटलं, कदाचित फिरायचंच नसेल, चर्चच्या दारात उभं राहून जे दिसतं तेवढंच एका वेळी वाचायचं असेल. काकांना हे मुळीच पटलं नाही. ते खोक्याभोवती उलट्या दिशेनं निघाले.

"आजोबा, दॅट्स नॉट हाउ यू डू इट!"

"मुद्दाम करतोय. तिकडून जुळतं का बघतो." तिकडूनही जुळेना. "भावना, तुला माहीत आहे ना? सांगून टाक."

"नाही माहीत. नोलवेनलाही नाही. तिच्या गावात यावरून अजून भांडणं होतात. आपण जाऊन त्यात आपलंही एक मत टाकू."

तिनं हे इतक्या सहज सांगितलं, की कुणाला ते कमीपणाचं वाटलंच नाही. उलट खोक्याभोवती गर्दी वाढली. अर्ध्या तासानं उल्काकाकूंनी टाळी वाजवली. "चला, मतदान. स्वित्झर्लंडला कोण कोण?"

एकही हात वर झाला नाही.

"अहो, तुम्ही कुठे आहात?"

"थांब गं," खोक्यामागून काकांचा आवाज आला. "या कोपऱ्यातल्या माणसाच्या हातात काय आहे? चावी की हातोडा?"

"फोटोत दिसत नाही, काका," ताई म्हणाली. "तिथे जाऊनच कळेल."

"मग बुक कर ना! वाट कसली बघतेस?"

ताईनं तिथेच, पिंगपाँगच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. दरवर्षी विमानाचं बुकिंग तीच करायची. या वेळी प्रवाशांच्या पहिल्या रकान्यात तिनं स्वतःचं नाव टाइप केलं, आणि मग काकांना विचारलं, "खिडकी मी घेतेय. तुम्हाला आइल सीट चालेल ना?"