पापणी ओढून बघणारा डॉक्टर

विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीची सालं. पोखर्णीच्या अलीकडं आमचं गाव, आन त्या दिवशी पारावर परभणीचा एक डॉक्टर खुर्ची टाकून बसला होता... दवा द्यायला न्हाई, नुसतं इचारायला! शेतातल्या बायांची कंबर का दुखती, त्यावर त्या काय खातात, त्यानं काय अपाय होतो, ह्याच्यावर म्हणे त्याचं संशोधन.

मला असल्या थाटाचा लय कट्टाळा. दिवसभर वाकून खुरपल्यावर कंबर दुखणारच, त्याला जीप घेऊन यायचं काय काम? पण माझी बायको सुमन जाऊन बसली. मग मी बी गेलो, लवकर उरकंल म्हणून.

सुमन बाजारातल्या दुकानातून कंबरेच्या गोळ्या आणायची. कागदाची पुडी, नाव न्हाई गाव न्हाई. उपाशीपोटी गिळायची, वरून काळा चहा, आन चालली खुरपायला...

तिनं दिलेली पुडी डॉक्टरनं उघडून बघितली आन इचारलं, "बाई, शौचाला काळी होते का? डांबरासारखी?"

माझं टकुरंच फिरलं. दुखायलीय कंबर, आन हा चारचौघात इचारायलाय काय! "ऊठ गं, चल घरी," म्हणलं.

ती कशाची उठती... पदर तोंडाला लावून म्हणली, "अवो डॉक्टरसाहेब, आमी बाया जाताव अंधारात. रंग कुणाला दिसायलाय?"

बाया खदाखदा हसल्या. एक म्हातारी म्हणली, "आता कंदील घेऊन जा गं सुमे!"

डॉक्टर हसला न्हाई. "म्हणजे सकाळपासून सगळ्यांना मी उगीचच विचारतोय," म्हणला. पेन ठेवला, सुमनला उन्हात उभं केलं आन डोळ्याखालची पापणी ओढून बघितली. आत लाल पाहिजे, तिथं पांढरंफक...

तिला धाप लागायची, मला वाटायचं कामानं थकली. डॉक्टर म्हणला, गोळ्यांनी पोटात जखम झाली असणार, आतून रक्त चाललंय, त्यानंच शौचाला काळी होती, आत्ताच न्यायला पाहिजे. गडबडीपायी एसटी तर बंद. त्यानंच जीपमधी घातलं.

परभणीच्या दवाखान्यात रक्त चढवलं. दुसऱ्या दिवशी तिच्या ओठाला जरा रंग आला, आन पहिलं काय बोलावं? "म्हशीला पाणी कुणी दावलं?"

मी तिथंच फरशीवर बसलो. जीव असा हलका झाला...

डॉक्टर तवर परत आमच्या गावात. हसणाऱ्या सगळ्या बायांच्या पापण्या ओढून बघितल्या त्यानं, त्या म्हातारीची बी.

सुमनची कंबर आजबी दुखती, आन गोळ्यांच्या जागी ती आता माझं डोकं खाती. खाऊ दे... नसत्या चौकशा करणाऱ्या त्या माणसाचं लय भलं होवो.