तिसऱ्या प्लगची टकटक

कुणाच्याही शब्दावर जाऊ नये, हे मला गिरण्यांच्या संपाने शिकवलं. संप चिघळला तसं आमच्या लालबागच्या चाळीत माणूस माणसाकडे तिरकं बघायला लागला. अमका संप मोडून मागच्या गेटने कामावर जातो, तमका मालकाच्या माणसाला भेटतो. खरं किती, खोटं किती, देव जाणे. मी मात्र सगळंच खरं धरायचो.

आमची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. सोळा वर्षं साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खडखडाटात काढलेला मी, एका जुन्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या स्टिअरिंगमागे येऊन बसलो. घरातली चूल आता त्या खटाऱ्यावर होती. आणि एके दिवशी दुपारी चिंचपोकळीचा पूल चढताना खटारा दमला. ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. गाडी तशीच मागे घेतली, तर समोर नेमकं त्याचं गॅरेज!

तो म्हणजे माझा लहानपणचा दोस्त. एकाच चाळीतले, एकाच गिरणीतले. तो मेकॅनिक खात्यात होता. संपात आमचं बोलणं तुटलं. झालं असं, की एका संध्याकाळी तो गॅलरीत शेजाऱ्याशी बोलत उभा होता. मी जिना चढून वर येतो तो काय, दोघांचे ओठ हलतायत आणि आवाज नाही. मला बघून कुजबुज! म्हटलं, इथेच पाणी मुरतंय. मागच्या गेटने जाणारा हाच. मान फिरवली आणि घरात शिरलो. त्याला तीन वर्षं झाली. मग तो चाळ सोडून गेला, तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

त्याने बॉनेट उघडलं, इंजिन चालू करायला लावलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून दांडा कानाला लावला. मग म्हणाला, "तिसऱ्या सिलिंडरचं बेअरिंग खाल्लंय. इंजिन खोलायला लागेल. आठवडा जाईल."

आठवडाभर गाडी उभी! "कशावरून?" मी विचारलं.

"टकटक ऐक की."

मी ऐकलं. घरघर होती, पंख्याचा आवाज होता. टकटक? छट्!

त्याने हाताला कोरडं फडकं गुंडाळलं आणि चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरी एकेक करून ओढायला लागला. वायर काढली की तो सिलिंडर बंद पडून इंजिन अडखळायचं, ते मलाही कळत होतं. तिसरी काढल्यावर म्हणाला, "बघ, गेली टकटक." परत लावली. "बघ, आली." काय गेलं आणि काय आलं? मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. गडी अजिबात हसत नव्हता. पक्का बनेल, म्हटलं. बेअरिंग चांगलं असणार, हा माझं इंजिन खोलून भलतंच काही घालणार, आणि आठवड्याने मी परत याच्याच दारात.

तेवढ्यात बायको आली. अडकलोय म्हणून निरोप धाडला होता, तर डबा घेऊन आली बिचारी. मला युक्ती सुचली. तिला गाडीकडे पाठ करून उभं केलं. त्याला रस्त्यापलीकडे पिटाळलं, म्हणजे खाणाखुणा नकोत. वायरी मी काढणार.

"टकटक बंद झाली की हात वर कर," मी ओरडलो.

तिने वळून विचारलं, "माका काय कळता तुमच्या इंजिनातला?"

"कळू नको दे. हात वर कर फक्त."

पहिली काढली. हात खाली. चौथी काढली. खाली. मला आतून बरं वाटायला लागलं. तिसरी काढली, आणि बाईचा हात वर! परत लावली, खाली. दुसरी काढली, खाली. मुद्दाम थोडा वेळ थांबून पुन्हा तिसरी. हात पुन्हा वर. पाच वेळा फसवायला बघितलं मी तिला. एकदाही फसली नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण अवलक्षण माझं निघालं. मी इंजिन बंद केलं. सोळा वर्षं आम्ही त्या खडखडाटात खुणांनी आणि ओठ बघून बोलायचो. सगळेच तसे बोलायचे, म्हणून कान चाललेत हे कुणाच्या लक्षातच येत नसे.

बायको वळली. माझं तोंड बघून जवळ आली. "खरांच ऐकाक येणा नाय तुमका?" मग तिचे डोळे भरले. "घरात हाका मारून मारून माझो घसो बसता. माका वाटला, गिरणी गेली म्हणून तुम्ही माझ्यावर राग धरलास."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीही भांडी हळू ठेवते, उत्तर पुटपुटत देते, म्हणून मी किती वेळा तिच्या अंगावर धावून गेलो होतो!

तो रस्ता ओलांडून आला. वायर अजून माझ्या हातात होती. मी सरळच विचारलं, "त्या दिवशी गॅलरीत काय कुजबुजत होतास?"

तो खाली मान घालून काहीतरी बोलला. मला कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी म्हणालो, "ऐकू नाही आलं रे. मोठ्याने बोल."

तो माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, "तुलाच हाका मारत होतो! गॅरेज दोघांनी मिळून घालूया म्हणून विचारायचं होतं. तू बघितलंस आणि मान फिरवून गेलास. मला वाटलं, मागच्या गेटने जाणारा तूच!"

मी ते ऐकलं, आणि माझ्याबरोबर अख्ख्या गल्लीनेही नीट ऐकलं असणार.